सावलीच्या बाजूला आपल्याकडची, बारमाही हिरवी आणि पक्ष्यांसाठी फळं धरणारी झुडपं कुठली लावू?

मागची_पडवी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच विचारतेय. घराच्या उत्तरेला एक लांबट पट्टा आहे, रुंदी सहाएक फूट, लांबी तीसेक फूट. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंड आणि पलीकडे शेजाऱ्यांचा मोठा आंबा, त्याच्या फांद्या पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या निम्म्या भागावर आलेल्या आहेत. आत्ता तिथे मनी प्लांट, सिंगोनियम आणि न लावता आलेली घाणेरी एवढंच आहे.

ते सगळं काढून सह्याद्रीतली झुडपं लावायचा विचार आहे. वर्षभर पानं हवीत कारण त्या बाजूच्या खिडकीतून समोर थेट कंपाउंडची भिंत दिसते, आणि फळं हवीत ती आमच्यासाठी नाही, बुलबुल वगैरेंसाठी. उंची सहा ते आठ फुटांच्या आत राहिली तर बरं. नर्सरीत विचारलं तर सावलीसाठी म्हणून फक्त ड्रॅसीना आणि क्रोटॉन दाखवतात, "देशी" म्हटलं की करवंद नाहीतर थेट वड-पिंपळावर जातात. करवंद सावलीत येतं का? आणि सावलीत मुळात फळ धरतं का, की नुसतीच पानं?

पेन्शनर_माळी

करवंदाचं आधी सांगतो. जगेल पण तुम्हाला हवं तसं नाही. ते मोकळ्या कातळावरचं, डोंगरउतारावरचं झाड, त्याला ऊन लागतं. सावलीत टाकलंत तर उजेड शोधत लांब लांब वेडेवाकडे फोक सोडेल, काटे तेवढेच आणि फळं नावापुरती, आणि सहा फुटांच्या पट्ट्यात ते फोक तुमच्याच साडीला-ओढणीला लागणार.

आता दुसरं, आणि झाड निवडायच्या आधी हे बघाच. उत्तरेची बाजू म्हणजे बारा महिने सावली असं आपल्याकडे नसतं. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येऊन पुढे उत्तरेकडे सरकतो (ज्या दिवशी बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस, पेपरात येतं दरवर्षी) आणि जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे या मधल्या काळात दुपारचं ऊन तुमच्या उत्तरेच्या भिंतीवर पडतं. जून-जुलैला ढग असतात म्हणून कळत नाही, पण मे महिन्याचा शेवट बघा. शिवाय मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊनही त्या बाजूला येतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र थेंबभर ऊन नाही.

म्हणून "सावलीची झाडं" लावली आणि मे मध्ये पानं करपली की लोक म्हणतात पाणी कमी पडलं. पाण्याचा तिथे काही संबंध नसतो, सहा महिने सावलीत वाढलेल्या पानाला एकदम पश्चिमेचं ऊन लागलेलं असतं. तुमच्याकडे पश्चिमेला आंबा आहे, म्हणजे तो भाग वाचेल. पूर्वेकडचा उघडा भाग वेगळा धरा, आंब्याखालचा वेगळा धरा. या दोन बागा आहेत, एक नाही.

फळ धरण्याबद्दल: फूल येईल इतका उजेड मिळाला तर फळ येतं. ऊनच पाहिजे असं नाही, पण वर आभाळ दिसलं पाहिजे. दुपारी तिथे उभं राहून हात आडवा धरा, जमिनीवर हाताची कडा अंधुक का होईना दिसली तर जंगलातल्या खालच्या थरातली झुडपं तिथे फुलतात. काहीच सावली उमटत नसेल, सगळं एकसारखं काळपट असेल तर पानांवर समाधान माना.

अंजनीप्रेमी

मी नावाप्रमाणे अंजनी सुचवणार हे उघड आहे 😄 पण खरंच तुमच्या अटींना याहून चांगलं झाड नाही.

मेमेसायलॉन अम्बेलेटम, नर्सरीत हे नाव सांगा कारण नुसतं अंजन म्हटलं तर कोरड्या भागातला तो मोठा वृक्ष देतील, हार्डविकिया, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. महाबळेश्वर-माथेरानला फिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे बुटकं, दाट, गडद चामड्यासारख्या पानांचं जंगल दिसतं ना त्यात ही भरपूर असते. महाबळेश्वरच्या जंगलप्रकाराची ओळखच वनस्पतीशास्त्रात अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांच्या नावाने होते. कोकणातल्या देवरायांमध्येही असते. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते आणि फुलं कुठे येतात तर फांद्यांच्या टोकाला नाही, थेट जुन्या फांद्यांवर, निळ्या-जांभळ्या मण्यांचे घोस चिकटवल्यासारखे. मग हिरवी, पिवळसर-लाल आणि शेवटी काळी-जांभळी होणारी छोटी गोल फळं. बुलबुल एका घासात गिळतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, भयंकर सावकाश वाढते. लाकूड लोखंडासारखं कठीण होतं तेव्हा तेवढा वेळ घेणारच. पहिली दोन-तीन वर्षं वाटेल मेली की काय, मेलेली नसते. दुसरं म्हणजे कात्री. फुलं जुन्या फांदीवर येत असल्यामुळे दर पावसाळ्यात कुंपणासारखी चौकोनी कापली तर फूलही नाही नि फळही नाही. उंची कमी ठेवायची तर फळं संपल्यावर एखादी उंच फांदीच बुडातून काढा, बाकीच्यांना हात लावू नका. आणि ही पूर्वेकडच्या उघड्या भागात लावा, आंब्याखाली जगेल पण फुलायला कंटाळा करेल.

पाचोळा_गोळा_करणारी

अंजनीला माझंही मत, पण नुसत्या अंजनीवर तीस फूट सोडले तर ताईंना पडदा मिळेपर्यंत मुलं कॉलेजात जातील. मिसळून लावा.

आंब्याखालच्या भागात किरमिरा लावा, ग्लायकोस्मिस पेंटाफायला. लिंबाच्या कुळातलं झुडूप, पान चुरडलं तर वास येतो त्यावरून ओळखता येतं. जंगलात दाट झाडांखाली उगवणारं आहे त्यामुळे सावलीची तक्रार नाही, बारीक पांढरी फुलं आणि मग फिकट गुलाबी, आरपार उजेड दिसेल अशी गोंडस फळं. माझ्याकडे जास्वंदीच्या मागे जिथे दुसरं काही टिकलं नाही तिथे हे छातीएवढं झालंय आणि खाली त्याचीच रोपं उगवतात.

ओल राहणारी जागा असेल, म्हणजे बाहेरच्या नळाजवळ वगैरे, तर तिथे बुगडी. आर्डिसिया सोलानेसिया. ओढ्याकाठची, जाड गुळगुळीत पानांची, गुलाबीसर मेणासारखी फुलं, फळं आधी लाल मग काळी. सावलीत मस्त येते पण उन्हाळ्यात पाणी तोडलं तर लगेच माना टाकते, त्यामुळे गावाला महिनाभर जाणार असाल तर विचार करून लावा.

आणि पटकन हिरवळ हवी असेल तर कर्कणी, लीया इंडिका. भराभर वाढते, पानं मोठी, बारीक हिरवट-पांढऱ्या फुलांवर फुलपाखरं आणि गांधीलमाश्या दिवसभर, फळं चपटी काळसर जांभळी. पण ही पसरते हं. सहा फुटांच्या पट्ट्यात एकच, तीही टोकाला. अंजनी मोठी होईपर्यंत कर्कणीने जागा भरायची आणि मग तिला हळूहळू छाटत न्यायचं असा माझा हिशोब.

कोपऱ्यातला_काका

कुंती कोणी कशी नाही सांगितली अजून? मुराया पॅनिक्युलाटा, कामिनी म्हणतात ती. नर्सरीत सहज मिळते, कापली तरी चालते, पावसाच्या सरी पडल्या की पांढरी फुलं, रात्रभर वास, नंतर शेंदरी-लाल फळं, बुलबुल आणि कोकीळ दोघं येतात. अर्ध्या सावलीत उत्तम. देशी आहे, आपल्या डोंगरातही सापडते. उगाच दुर्मिळ झाडांच्या मागे लागून लोक शेवटी काहीच लावत नाहीत.

पाचोळा_गोळा_करणारी

@कोपऱ्यातला_काका काका कुंती चांगलीच आहे पण ताईंच्या बागेत लिंबू, संत्र, मोसंबी असं काही आहे का ते आधी विचारा. लिंबूवर्गातल्या झाडांवर जो सिला नावाचा बारीक किडा असतो, जो ग्रीनिंगचा रोग (झाड पिवळं पडून खंगत जातं तो) पसरवतो, त्याला कुंती फार आवडते. कोवळी पालवी आली की तिथे अंडी घालतो. शेजारी लिंबाचं झाड असेल तर कुंती म्हणजे त्या किड्याला घर भाड्याने देणं.

मागची_पडवी

बापरे किती माहिती, सगळ्यांना धन्यवाद. माळीकाका, ते हात आडवा धरून बघितलं. पूर्वेच्या निम्म्या भागात कडा अंधुक दिसते, आंब्याखाली काहीच नाही. म्हणजे खरंच दोन बागा.

लिंबू आहे हो, पुढच्या अंगणात, आणि भरपूर लागतं त्यामुळे कुंती राहू दे.

आता तीन शंका. घरात लहान मुलगी आहे, दिसेल ते तोंडात घालायचं वय आहे. दुसरं म्हणजे सासूबाईंचं म्हणणं दाट झुडपं लावली की साप येणार. आणि तिसरं, शेजारचे म्हणाले एवढं जंगल कशाला, ड्युरांटा लावा, सोनेरी मण्यांचे झुपके येतात, पक्षीही येतात. खरं आहे का?

पेन्शनर_माळी

ड्युरांटा लावू नका. एकतर ते अमेरिकेतलं झाड, आणि ते सोनेरी मणीच विषारी असतात, लहान मुलांना आणि कुत्र्यांनाही बाधतात. तुमच्या घरात तर नकोच. तुमच्या पट्ट्यात आपोआप आलेली घाणेरीही तिकडचीच, हिरवी फळं तिचीही विषारी. तिला कोणी लावलेलं नसतं, पक्ष्यांनीच आणलेलं असतं. म्हणून "पक्षी खातात म्हणजे चांगलं झाड" हा हिशोब अपुरा आहे, पक्षी खातो आणि दुसरीकडे जाऊन बी टाकतो, ते बी कशाचं आहे हे महत्त्वाचं. अंजनीचं बी जंगलात पडलं तर जंगलाचं भलं, घाणेरीचं पडलं तर काय होतं ते कुठल्याही डोंगरावर जाऊन बघा.

मुलीला मात्र सरसकट सांगा की या बाजूचं काही तोंडात घालायचं नाही. अंजनी आणि किरमिरा जंगलात माणसंही खातात, पण दोन-तीन वर्षांच्या पोराला या काळ्या फळात आणि त्या काळ्या फळात फरक कळत नाही, आणि बागेत उद्या पक्षी काय टाकून जाईल सांगता येत नाही.

सापाचं म्हणाल तर साप झुडपासाठी येत नाही, उंदरासाठी आणि लपायच्या जागेसाठी येतो. विटांचा ढीग, जुन्या कुंड्या, लाकडं, भिंतीतली बिळं हे आधी काढा. झुडपांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून फूटभर मोकळ्या ठेवा म्हणजे खालून आरपार दिसतं, झाडता येतं, सासूबाईंनाही दाखवता येतं. भिंत आणि झुडूप यांच्यात दीड-दोन फूट चालायला जागा सोडा, ती तुम्हाला एरवीही लागणारच आहे.

वाफा_आणि_विळा

सगळे झाडांची नावं देतायत, मातीचं कोणीच विचारत नाहीये. घराच्या भिंतीलगतची जागा आहे ना? मग खाली बांधकामाचा राडारोडा पुरलेला असण्याची शक्यता फार. सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे. त्याने माती क्षारीय होते आणि मग झाडाला लोह असूनही घेता येत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. बकोऱ्याचं (लाल इक्झोरा) हे फार होतं, म्हणून तो मी मुद्दाम सुचवत नाहीये, नाहीतर त्यालाही काळी फळं येतात आणि पक्षी खातात. दीड फूट खणून बघा, राडारोडा निघाला तर काढा आणि चांगली माती, कुजलेला पाचोळा, थोडं शेणखत भरा. वरून खतांचा मारा करून ते सुटत नाही.

आंब्याखाली मात्र असं दणकून खणू नका, आंब्याच्या मुळ्या वरच्या थरात पसरलेल्या असतात, तुम्ही तोडाल आणि आंबाही चिडेल नि तुमच्या रोपाच्या खड्ड्यात सहा महिन्यांत परत मुळ्या घुसतील. तिथे छोटी रोपं घ्या, वीतभर ते हातभर, छोट्या खड्ड्यात मुळ्यांच्या मधून जागा बघून लावा. मोठं रोप लावलं की लवकर दिसतं खरं पण रुजायला त्रास, छोटं रोप दोन-तीन वर्षांत त्याला गाठतं.

आणि आंब्याचा पाचोळा झाडून जाळू नका, कृपा करून. तोच खाली तीन-चार इंच पसरा, फक्त रोपाच्या बुंध्याला टेकवू नका. जंगलातल्या या झुडपांना तशीच माती लागते.

लावायची वेळ म्हणजे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. धो-धो पावसात नाही, तेव्हा खड्ड्यात पाणी साचून कोवळ्या मुळ्या कुजतात. भिंतीलगत छपराची पागोळी पडत असेल तर तिच्या बरोबर खाली काहीच लावू नका. पावसाळ्यानंतर पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, "देशी आहे, आपोआप जगेल" हे रुजल्यावरचं बोलणं. सावलीत माती वरून ओली दिसते पण आंबा खालून सगळं पिऊन घेतो, बोट घालून बघा.

हो, आणि कंपाउंडची भिंत आतून पांढरी रंगवा. उजेड परत फेकते, फुलं यायला मदत होते आणि काळपट हिरवी पानं तिच्यापुढे उठूनही दिसतात.

नवखा_निसर्गवाला

मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. कोरल बेरी मिळते ना, आर्डिसियाच ती, लालभडक फळं महिनोनमहिने टिकतात, सावलीत येते, बुटकी राहते. पट्टा छोटा, शहरातलं घर, तिथे शंभर टक्के देशीचा हट्ट कशासाठी? पक्ष्याला कळतं का झाड कुठलं?

अंजनीप्रेमी

ती आर्डिसिया क्रेनाटा, पूर्व आशियातली. फळं महिनोनमहिने टिकतात हे तुम्ही गुण म्हणून सांगताय, मी म्हणतो पक्ष्यांनी खाल्ली असती तर टिकली असती का? 😄 गंमत सोडा, पण जिथे खाल्ली तिथे पसरलीही, फ्लोरिडात तिला तणच समजतात. आपल्याकडे त्याच जातकुळीतली बुगडी असताना हवी कशाला?

आणि फळापुरतं बघू नका. किरमिरा, माकडलिंबू या लिंबाच्या कुळातल्या झुडपांवर ब्लू मॉर्मन अंडी घालतं, २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं ते. परक्या झाडाचं फळ पक्षी खाईलही, पण अळीला विशिष्ट झाडाचं पानच लागतं, आणि पिल्लं असताना तोच बुलबुल अळ्या-किडे शोधत फिरतो. त्यामुळे ताई, किरमिऱ्याची पानं कुरतडलेली दिसली तर खुश व्हा, फवारणी करू नका. कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही, त्याने अळ्याही मरतात. पानावर काळी काजळी धरली तर ती बहुतेक खवले कीड किंवा पिठ्या ढेकणाच्या चिकट घाणीवर वाढलेली बुरशी, पाईपने जोरात पाणी मारून धुवा आणि मधल्या दोन-चार फांद्या काढून हवा खेळती करा.

मागची_पडवी

रोपं कुठून आणू पण? नर्सरीत यातलं काहीच नाही, कर्कणी म्हटल्यावर माणूस माझ्याकडे बघतच राहिला. पुढच्या महिन्यात माथेरानला जाणार आहोत तिथून अंजनीची एक-दोन छोटी रोपं उपटून आणली तर चालतील का?

पेन्शनर_माळी

अजिबात नाही. राखीव जंगलातून रोप काढणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि माथेरान तर इको-सेन्सिटिव्ह झोन. कायदा बाजूला ठेवला तरी अंजनीचं उपटलेलं रोप शंभरात एखादं जगतं, सोटमूळ तुटलं की संपलं.

बी घ्या, तेही ओळखीच्या कोणाच्या बागेतल्या किंवा खाजगी जागेतल्या झाडाचं, विचारून. देशी झाडांची रोपं करणाऱ्या छोट्या नर्सऱ्या असतात, वन विभागाच्या रोपवाटिका असतात, पावसाळ्याच्या आधी फोन करून वनस्पतीशास्त्रीय नावाने विचारा, मराठी नावाने गोंधळ होतो.

बियांचं एकच सांगणं, ताजं बी. ही सगळी गराची फळं, बी सुकवून डबीत भरून ठेवलं की उगवणीचा भरवसा नाही. पिकलेलं फळ घ्या, गर चोळून धुवून काढा, सावलीत वरचं पाणी टिपा आणि त्याच आठवड्यात पेरा. बियाच्या जाडीएवढीच माती वर. किरमिरा लवकर उगवतो. अंजनी वाट बघायला लावते, पिशवी ओली ठेवा आणि उकरून बघू नका.

मागची_पडवी

ठीक, मग असं ठरवतेय, कोणाला चूक वाटलं तर आत्ताच सांगा. पूर्वेच्या उघड्या भागात तीन अंजनी, आंब्याखाली चार किरमिरा, नळाजवळ एक बुगडी आणि पूर्वेच्या टोकाला एक कर्कणी. घाणेरी मुळासकट काढणार, मनी प्लांट कुंडीत. भिंत पांढरी.

पाचोळा_गोळा_करणारी

छान आहे. अंजनीमध्ये चार-साडेचार फूट अंतर ठेवा, आत्ता फार मोकळं वाटेल, वाटू दे. कर्कणी आणि पहिली अंजनी यात सहा फूट. आणि कपडे वाळत घालायची दोरी त्याच बाजूला असेल तर आधी ती हलवा, जांभळी फळं खाल्लेल्या बुलबुलाचा डाग धुऊन जात नाही.

वाफा_आणि_विळा

घाणेरी काढताना हातमोजे घाला आणि फळं असतील तर आधी ती तोडून पिशवीत भरा, कंपोस्टमध्ये टाकू नका. खणल्यावर खाली काय निघालं ते इथे लिहा, राडारोडा फार असला तर खड्ड्यांची मापं बदलावी लागतील.